दुसरं डोमेन जोडलं की मेल का बिघडतो? स्वतःचा मेल सर्व्हर निवडणाऱ्यांसाठी

लक्षण ठरलेलं आहे. स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला, पहिल्या डोमेनवर चार-पाच खाती उघडली. मेल जातोय, येतोय, कुणाची तक्रार नाही. महिन्या-दोन महिन्यांनी दुसरं डोमेन जोडलं आणि त्याचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये पडायला लागले. ते कसंबसं निस्तरलं, तर तिसऱ्या डोमेनवर येणारे मेल पाठवणाऱ्याकडे परत जायला लागले. मग रात्री उशिरा माणूस ठरवतो की हे सॉफ्टवेअरच टाकाऊ आहे, आणि दुसरं शोधायला बसतो. नवं बसवतो. पहिलं डोमेन झकास चालतं. पुढचं सांगायला नको.

या चक्रात मी दोनदा फिरलोय. आधी सगळे भाग हाताने जोडून, मग एका तयार पॅकेजवर जाऊन. दोन्ही वेळा दोष बिऱ्हाडासकट नव्या मशीनवर आला, कारण तो सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच. तेव्हापासून एक गोष्ट पाळतो: कुठलंही मेल सॉफ्टवेअर पहिल्या डोमेनवर तपासायचं नाही. पहिलं डोमेन सगळ्यांकडेच चालतं. बसवताना आपण त्याचंच नाव देतो, त्यामुळे अर्ध्या गोष्टी आपोआप जुळतात. खरी परीक्षा दुसऱ्या डोमेनची.

वेष्टण वेगळं, इंजिन तेच

मेलकाऊ, मेलू, आयरेडमेल, मेल-इन-अ-बॉक्स, मोडोबोआ, डॉकर-मेलसर्व्हर ही तयार मेल पॅकेजांची नावं शोधताना हटकून समोर येतात. झाकण उघडलं की या सहाही जणांच्या आत पोस्टफिक्स आणि डव्हकॉट हीच जोडी सापडते. पोस्टफिक्स हे व्हीत्से व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन विभागात असताना लिहिलेलं, १९९८ मध्ये बाहेर आलेलं. डव्हकॉट टिमो सिराइनेन यांचं, २००२ पासूनचं. पोस्टफिक्स मेल घेतं आणि पाठवतं. डव्हकॉट तो पेटीत ठेवतं आणि मोबाइलला, संगणकाला दाखवतं. म्हणजे या सहांपैकी एक सोडून दुसऱ्यावर गेलात तर पॅनल बदलतं, स्पॅमची चाळणी कदाचित बदलते, पण मेल नाकारणारा किंवा स्वीकारणारा तोच राहतो.

एरवी ही चांगलीच गोष्ट आहे. लॉग वाचायला एकदा शिकलात की ते ज्ञान सहाही ठिकाणी चालतं.

मेल येत नसेल तर: लॉगमधला एक शब्द

सॉफ्टवेअरला शिव्या घालण्याआधी नाकारलेल्या मेलची ओळ लॉगमध्ये शोधा आणि शब्दन् शब्द वाचा. बहुतेक वेळा तीनपैकी एक वाक्य निघतं.

'रिले ॲक्सेस डिनाइड', कोड ५५४ ५.७.१. म्हणजे हे डोमेन आपलं आहे हे सर्व्हरला ठाऊकच नाही. एमएक्स नोंद, म्हणजे डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे न्यायचा हे सांगणारी डीएनएसमधली (इंटरनेटच्या नाव-पत्त्यांच्या वहीतली) नोंद, इकडे बोट दाखवते, मेल दारात येतो, आणि सर्व्हर म्हणतो, हा पाहुणा आमच्याकडचा नाही. डोमेन जोडायचं राहिलंय, किंवा जोडलंय पण सेवा पुन्हा लोड झालेली नाही.

'लूप्स बॅक टू मायसेल्फ' हे त्याचंच भावंड. या वेळी मेल आपल्याच कुणीतरी पाठवलेला असतो. पोस्टफिक्स एमएक्स शोधतं, तो स्वतःकडेच येतो, पण यादीत डोमेन नाही. स्वतःलाच पत्र टाकत बसण्यापेक्षा ते तिथेच थांबतं.

तिसरं वाक्य सर्वांत फसवं: 'यूजर अननोन', कोड ५५० ५.१.१. खातं तर पॅनलमध्ये डोळ्यांना दिसतंय, मग अननोन कसं? वाक्याचा शेवट बघा. 'इन व्हर्च्युअल मेलबॉक्स टेबल' असेल तर यादी बरोबर आहे, पत्त्यात काहीतरी चूक आहे. 'इन लोकल रिसिपियंट टेबल' असेल तर डोमेन चुकीच्या यादीत बसलंय.

या 'लोकल' शब्दापाशी जरा थांबू, कारण हाताने उभ्या केलेल्या सर्व्हरवर निम्मं दुखणं इथलंच असतं. पोस्टफिक्स डोमेनांचे वर्ग करतं. 'मायडेस्टिनेशन' या यादीतलं डोमेन म्हणजे या मशीनचंच घरचं. त्याचे पत्ते म्हणजे मशीनवरचे लिनक्स वापरकर्ते. 'व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स' या यादीतली डोमेनं म्हणजे इथे राहायला आलेली. त्यांचे पत्ते डेटाबेसमध्ये किंवा वेगळ्या तक्त्यात. डेबियन लिनक्सवर पोस्टफिक्स बसवताना एक प्रश्न विचारला जातो, मेलचं नाव काय म्हणून. आपण निरागसपणे पहिलं डोमेन लिहितो आणि ते थेट पहिल्या यादीत जाऊन बसतं. पुढे दुसरं डोमेन व्हर्च्युअलमध्ये टाकतो. आता एकाच सर्व्हरवर दोन डोमेनांना दोन कायदे.

काही जण यावर आणखी वाईट उपाय करतात: दुसरं डोमेनही पहिल्याच यादीत टाकतात. मेल यायला लागतो, माणूस खूश. थोड्या दिवसांनी कळतं की दोन्ही डोमेनांचा 'इन्फो' पत्ता एकाच पेटीत उतरतोय, कारण लिनक्सच्या लेखी 'इन्फो' नावाचा वापरकर्ता एकच. आणखी काही जण डोमेन दोन्ही याद्यांत लिहितात, त्यावर पोस्टफिक्स लॉगमध्ये स्पष्ट इशारा देतं आणि तो इशारा कुणी वाचत नाही.

उपाय छोटा आहे. मायडेस्टिनेशनमध्ये फक्त सर्व्हरचं स्वतःचं पूर्ण नाव आणि लोकलहोस्ट (मशीन स्वतःलाच हाक मारतं ते नाव). मेलची सगळी डोमेनं, पहिलंसुद्धा, व्हर्च्युअलमध्ये. कुणालाच घरचं समजायचं नाही.

तयार पॅकेज घेतलंत तर हे काम तेच करतं. पॅकेज घ्यावं याचं मला पटणारं हे पहिलं कारण.

गेलेलं डोमेन घर सोडत नाही

हा दोष मला ओळखायला सर्वांत जास्त वेळ लागला. एका डोमेनवाल्यांनी मेल दुसऱ्या सेवेकडे नेला. एमएक्स बदलली, जगभरातून त्यांना मेल मिळायला लागले. फक्त माझ्या सर्व्हरवरच्या इतर डोमेनांनी पाठवलेले मेल त्यांना मिळेनात. परत येत नाहीत, स्पॅममध्ये नाहीत, लॉगमध्ये 'सेंट' असं ठसठशीत लिहिलेलं.

सर्व्हरच्या यादीत ते डोमेन अजून 'आपलं' होतं. घरातल्या मेलसाठी पोस्टफिक्स एमएक्स बघतच नाही. यादीत नाव आहे ना, मग टाक आतल्या पेटीत. ते सगळे मेल मी काढायच्या विसरलेल्या जुन्या पेटीत व्यवस्थित साठत होते. एकाच डोमेनच्या सर्व्हरला हा रोग होऊच शकत नाही.

याचीच दुसरी बाजू: आपल्या एका डोमेनवरून आपल्याच दुसऱ्या डोमेनला मेल पाठवून 'चालतंय' म्हणू नका. तो मेल मशीनच्या बाहेर गेलेलाच नसतो. डीएनएस, पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार), सही, कशाचीच परीक्षा झालेली नसते.

मेल जातोय, पण स्पॅममध्ये पडतोय

आधी एक गैरसमज काढून टाकतो. प्रत्येक डोमेनसाठी वेगळा आयपी आणि वेगळी उलटी नोंद, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर, लागत नाही. एका आयपीला एकच पीटीआर ठेवा आणि त्यात सर्व्हरचं नाव. तेच नाव सर्व्हर 'हेलो' म्हणताना, म्हणजे समोरच्या सर्व्हरला ओळख देताना सांगणार, तेच नाव सरळ नोंदीत (नावावरून आयपी सांगणाऱ्या) त्याच आयपीकडे वळणार. तिन्ही जुळले की झालं. सर्व डोमेनांच्या एमएक्स नोंदी त्या एकाच नावाकडे वळवा. ते नाव कुठल्या डोमेनखाली आहे यावर कुणी मेल नाकारत नाही. मात्र एमएक्समध्ये आयपी लिहायचा नाही, आणि सीनेम (दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) असलेलं नावही नाही. नियमांना ते मान्य नाही.

सर्व्हरला आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा, लांबलचक आयपी) पत्ता असेल तर त्याचीही पीटीआर लागते. मशीन घेतलं की हा पत्ता बऱ्याचदा न मागता मिळतो आणि आपण त्याच्याकडे बघतही नाही. पोस्टफिक्स मात्र तो वापरतं, आणि जीमेल पीटीआर नसलेल्या आयपीव्ही६ वरून आलेला मेल ५५० देऊन परत पाठवतं. काही मेल जातात, काही नाही, असा चंचल दोष दिसला तर आधी हे बघा. नोंद करता येत नसेल तर पोस्टफिक्सला जुन्या पद्धतीच्या आयपीव्ही४ पुरतं बांधून ठेवा.

आता सही. डीकेआयएम म्हणजे सर्व्हरने मेलवर केलेली सही. तिच्यात 'डी' या खुणेपुढे सही करणाऱ्या डोमेनचं नाव असतं. डीमार्क, म्हणजे 'फ्रॉम'मधलं नाव खरं आहे का हे पडताळणारी व्यवस्था, विचारतं: 'फ्रॉम' ओळीतलं डोमेन आणि सहीतलं डोमेन एकच आहे का? किंवा निदान एसपीएफ (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरांनी पाठवावा हे सांगणारी नोंद) ज्या डोमेनवर पास झालं ते तरी तेच आहे का? दोन्हीकडे नाही आलं की मेल संशयित. दुसऱ्या डोमेनच्या मेलवर पहिल्याची सही होत असेल तर सही तांत्रिकदृष्ट्या खरी ठरते, 'डीकेआयएम पास' असं हिरवं दिसतं, आणि डीमार्कला तिचा शून्य उपयोग होतो. हिरव्या खुणेवर जाऊ नका. मिळालेल्या मेलचा मूळ मजकूर उघडा आणि 'डी' पुढचं नाव डोळ्यांनी वाचा.

सही चुकण्याची किंवा न होण्याची कारणं ठरलेली आहेत. ओपनडीकेआयएम हा सही करणारा प्रोग्रॅम वापरत असाल तर सह्यांच्या तक्त्यात ताराखूण ('कुठलाही पत्ता' या अर्थी) लिहिलेली असते, पण तक्त्याच्या आधी 'रीफाइल' हा शब्द नसतो. मग ताऱ्याचा अर्थ तारा एवढाच उरतो. आरस्पॅमडी (स्पॅमची चाळणी, जी सहीही करते) असेल तर वेगळी गंमत. ते मुळात फक्त लॉगिन करून पाठवलेल्या किंवा ओळखीच्या जाळ्यातून आलेल्या मेलवर सही करतं. शिवाय लॉगिनचं नाव एका डोमेनचं आणि 'फ्रॉम' दुसऱ्या डोमेनचा असेल तर मूळ सेटिंगप्रमाणे ते सही न करता मेल तसाच पुढे सोडतं. एका खात्यातून तीन डोमेनांच्या नावाने पाठवणारा माणूस प्रत्येक सर्व्हरवर एखादा तरी असतोच, आणि नेमके त्याचेच मेल स्पॅममध्ये पडतात. ही अट सैल करणारं सेटिंग आहे. पण मी त्याऐवजी त्या माणसाला प्रत्येक डोमेनवर खातं काढून देतो. थोडी कुरकुर होते, नंतर विसरतात.

सही पडताळायची किल्ली डीएनएसमध्ये टाकताना २०४८ बिटांची किल्ली एका ओळीत मावत नाही, कारण टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदीतल्या एका तुकड्याची मर्यादा २५५ अक्षरं आहे. ती दोन तुकड्यांत द्यावी लागते. काही डीएनएस पॅनल आपोआप तोडतात, काही चूक दाखवतात, आणि काही गुपचूप शेपूट कापून साठवतात. तिसऱ्या प्रकाराने मी एक अख्खा रविवार घालवलाय.

एसपीएफबद्दल थोडक्यात: एका तपासणीत १० पेक्षा जास्त डीएनएस विचारणा झाल्या की ती बाद होते. प्रत्येक डोमेनवाला आपापल्या पत्रक पाठवणाऱ्या सेवेचा 'इन्क्लूड' (त्या सेवेच्या नोंदीचा हवाला) वाढवत जातो आणि एके दिवशी ११ वी विचारणा होते. सर्व्हरच्या स्वतःच्या नावालाही एसपीएफ नोंद द्या. परत जाणाऱ्या मेलला पाठवणाऱ्याचा पत्ता रिकामा असतो, तेव्हा हेलोच्या नावाचीच तपासणी होते.

हे सगळं हौसेचं राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांवर अटी घातल्या. दिवसाला ५००० च्या आसपास मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे तिन्ही हवेत. बाकीच्यांनाही निदान पहिल्या दोनांपैकी एक आणि धड पीटीआर हवीच.

डीमार्कचे अहवाल सगळ्या डोमेनांसाठी एकाच पत्त्यावर मागवायचे, हा मोह स्वाभाविक आहे. मीही केलं. पहिल्या डोमेनचे अहवाल आले, बाकीच्यांचे नाहीत. अहवाल परक्या डोमेनवर मागवले असतील तर त्या परक्या डोमेनने 'हो, मला चालतील' अशी नोंद डीएनएसमध्ये द्यावी लागते: दुसऱ्या डोमेनचं नाव, त्यापुढे अंडरस्कोअर रिपोर्ट, अंडरस्कोअर डीमार्क, शेवटी पहिलं डोमेन. नाहीतर कुणीही कुणाच्याही पेटीत अहवालांचा पाऊस पाडला असता.

दर तीन महिन्यांनी उगवणारा दोष

लेट्स एन्क्रिप्ट ही सर्व्हरची ओळख पटवणारी सर्टिफिकेटं देणारी सेवा; तिचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. नूतनीकरण आपोआप होतं, फाइल नवी दिसते, तरी मोबाइलवर 'सर्टिफिकेट संपलं' म्हणून आरडाओरडा. पण बाहेरून येणारे मेल मात्र येत राहतात. हा विरोधाभास दिसला की समजायचं, डव्हकॉट पुन्हा लोड झालेलं नाही. पोस्टफिक्सच्या दारवान प्रक्रिया थोड्या-थोड्या वेळाने मरतात आणि नव्या जन्मतात, त्यामुळे नवं सर्टिफिकेट त्यांच्या हातात आपसूक येतं. डव्हकॉट जुनंच छातीशी धरून बसतं. नूतनीकरणानंतर त्याला लोड करणारी एक ओळ पुरते.

अनेक डोमेनांचा खास त्रास याच्या पुढचा. मोबाइलमध्ये सेटिंग आपोआप भरावं म्हणून आपण प्रत्येक डोमेनचं 'ऑटोकॉन्फिग' आणि 'ऑटोडिस्कव्हर' नाव एकाच सर्टिफिकेटात घालतो. त्यात १०० पर्यंत नावं मावतात. पण सर्टबॉट या सर्टिफिकेट आणणाऱ्या प्रोग्रॅमच्या नेहमीच्या मांडणीत एक नाव जरी पडताळणीत नापास झालं तरी अख्खं नूतनीकरण अडतं. कुणा एकाने आपला डीएनएस हलवला आणि सगळ्यांची कुलुपं गंजली. मुदत संपत आल्याचे आठवणीचे मेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केलेत, तेव्हा ती सोयही गेली. मेलच्या मुख्य नावाचं सर्टिफिकेट वेगळं ठेवा, बाकी नावांची वेगवेगळी.

अचानक सगळेच मेल नाकारले जातायत

एकदा सकाळी उठून बघतो तर रात्रभरात एकही मेल आत आलेला नाही. सगळे काळ्या यादीचं कारण देऊन परत पाठवलेले. सारं जग एका रात्रीत स्पॅमर झालं नव्हतं. सर्व्हर डीएनएससाठी सार्वजनिक रिझॉल्व्हर (डीएनएसमधून उत्तरं शोधून देणारी सेवा) वापरत होता. स्पॅमहाउस, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या काळ्या याद्या चालवणारी संस्था, अशा मार्गाने आलेल्या प्रश्नांना खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असं सूचक उत्तर देतं. 'काहीही उत्तर आलं म्हणजे दोषी' असं आपलं सेटिंग असेल तर सगळेच दोषी. मेल सर्व्हरवर अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर चालवा. मेलकाऊ तो बरोबरच घेऊन येतं. आणि सेटिंगमधल्या जुन्या काळ्या याद्या वर्षातून एकदा झाडून काढा. सॉर्ब्ज ही नावाजलेली यादी जून २०२४ मध्ये बंद झाली, तरी तिचं नाव असलेल्या सेटिंगच्या नकला अजून फिरतायत.

आता निवड

इथवर आलात आणि तुमचा दोष वर सापडला असेल, तर आहे ते सॉफ्टवेअर ठेवा. खरंच सांगतो. बदलायची वेळ वेगळ्या प्रश्नांनी येते, आणि त्यातला पहिला प्रश्न 'डोमेनांचे मालक किती' हा आहे, 'डोमेनं किती' हा नव्हे. एकाच माणसाची तीस डोमेनं सांभाळणं सोपं. तीन वेगळ्या मालकांची तीन डोमेनं अवघड, कारण प्रत्येकाला आपली खाती स्वतः उघडायची असतात आणि दुसऱ्याची दिसता कामा नयेत.

मालक अनेक असतील तर डोमेनपुरता प्रशासक नेमता येतो का, हे आधी बघा. मेलकाऊमध्ये येतो, मेलूमध्ये येतो, मोडोबोआमध्ये येतो, आणि हाताने जोडलेल्या सर्व्हरवर पोस्टफिक्सॲडमिन हे पॅनल लावलं तर तिथेही येतो. मेल-इन-अ-बॉक्समध्ये प्रशासक म्हणजे पूर्ण प्रशासक, मधला दर्जा नाही. ते पॅकेज एका कुटुंबासाठी किंवा छोट्या गटासाठी मला फार आवडतं. कोरं उबंटू द्या, डीएनएससुद्धा तेच सांभाळतं, काय चुकलंय ते रोज तपासून सांगतं. पण त्याची मतं ठाम आहेत आणि तुमची वेगळी असतील तर पुढच्या अद्ययावतीत ती पुसली जातात.

आयरेडमेल नेहमीच्या लिनक्सवर, डॉकरशिवाय (प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवणारी व्यवस्था) बसतं. ज्यांना फाइली कुठे आहेत ते बघायला आवडतं त्यांना ते मानवतं. मात्र फुकटच्या पॅनलमधून अलियास (मेल दुसऱ्या पेटीकडे वळवणारे) पत्ते सांभाळता येत नाहीत. ते डेटाबेसमध्ये हाताने लिहायचे किंवा पैसे भरून मोठं पॅनल घ्यायचं. बसवण्याआधी हे कळलेलं बरं, कारण अनेक डोमेनं म्हटली की अलियास ढीगभर. डॉकर-मेलसर्व्हरला पॅनलच नाही, डेटाबेसही नाही, सगळं साध्या फाइलींत. सगळी डोमेनं तुमचीच असतील आणि बदल वर्षातून चारदा होत असतील तर ही उणीव नाही, सुख आहे.

मेलकाऊ सर्वांत भरलेलं ताट आहे: वेबमेल, कॅलेंडर, चाळणी, विषाणूशोधक, डोमेनगणिक पाठवण्याची मर्यादा. त्यासाठी ते निदान ६ जीबी मेमरी आणि १ जीबी स्वॅप (डिस्कवरची राखीव मेमरी) मागतं. छोट्या मशीनवर बळजबरीने बसवलं तर त्यातलं विषाणूशोधक क्लॅमएव्ही मेमरी खातं आणि लिनक्स कुणाला तरी मारतं. कधी डव्हकॉटला, कधी डेटाबेसला. 'दर दोन दिवसांनी मेल आपोआप बंद पडतो' या तक्रारीचं हे नेहमीचं उत्तर. क्लॅमएव्ही बंद करण्याचं सेटिंग आहे, ते वापरायला लाजू नका. बॅकअप घेताना मात्र मेलच्या साठ्याबरोबर किल्ल्यांचा साठाही घ्या. मेलकाऊ पेट्या कूटबद्ध करून ठेवतं, आणि किल्ली हरवली तर बॅकअपमधला ढीग रद्दीच्या भावाचाही नाही.

या कुळाबाहेरचं नाव म्हणजे स्टॉलवर्ट. रस्ट भाषेत लिहिलेलं, मेल पाठवणाऱ्या एसएमटीपीपासून पेटी दाखवणाऱ्या आयमॅप आणि जेमॅपपर्यंत सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये. हलकं आहे, जोडाजोडीच्या कटकटी नाहीत. अनेक डोमेनं फुकटच्या आवृत्तीत चालतात, पण वेगवेगळ्या मालकांना वेगळं खोपटं देणारी सोय फक्त पैसे भरायच्या आवृत्तीत आहे. वर जमवलेलं लॉगचं ज्ञानही इथे पुन्हा जमवावं लागतं. नवीन सुरुवात करणाऱ्याने जरूर बघावं; चालू पन्नास पेट्या घाईने हलवू नयेत.

हाताने पोस्टफिक्स आणि डव्हकॉट जोडणाऱ्यांसाठी एक सूचना. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या डव्हकॉट २.४ ची सेटिंगची मांडणी २.३ शी जुळत नाही, आणि डेबियन १३ हीच नवी पिढी घेऊन येतं. दोन सर्व्हरांमध्ये पेट्या जुळत्या ठेवणारी जुनी सोयही २.४ मधून काढलेली आहे. म्हणजे जुनं मार्गदर्शन बघून नव्या मशीनवर बसवायला गेलात तर सेवा सुरूच होणार नाही. दोष तुमचा नाही, मार्गदर्शन शिळं आहे.

निवडताना आणखी एक गोष्ट विचारा, जी वैशिष्ट्यांच्या तक्त्यात कुणी ठळक लिहीत नाही: प्रत्येक खात्याने तासाला किती मेल पाठवावेत याची मर्यादा घालता येते का? सगळी डोमेनं एका आयपीवर आहेत. एकाचा पासवर्ड फुटला की त्याच्या पेटीतून रात्रभर घाण जाते आणि सकाळी सगळ्यांचीच अब्रू गेलेली असते. नुसतं पोस्टफिक्स जोडणी करणाऱ्या मशीननुसार मोजतं, लॉगिनच्या नावानुसार नाही. त्यासाठी आरस्पॅमडी किंवा वेगळी धोरण-सेवा लागते.

एका संध्याकाळची परीक्षा

निवडलेलं पॅकेज रिकाम्या मशीनवर बसवा. मशीन देणाऱ्याने बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद ठेवलेलं नाही ना, हे सर्वांत आधी; कित्येक जण ते मुळातच बंद ठेवतात, आणि मग पुढचं सगळं व्यर्थ. डॉकर वापरत असाल तर यूएफडब्ल्यू या फायरवॉलने बंद केलेली पोर्टं डॉकर बाजूने उघडतं, तेही बाहेरच्या मशीनवरून तपासा.

मग वापरात नसलेली दोन डोमेनं जोडा. दोन्हीकडे 'इन्फो' खातं काढा आणि बाहेरच्या सेवेवरून दोन्हींना वेगळा मेल पाठवा. एकाच पेटीत पडले तर इथेच थांबा. दुसऱ्या डोमेनवरून बाहेर मेल पाठवा, सहीतलं नाव वाचा. मग दुसऱ्या डोमेनच्या खात्याने लॉगिन करून 'फ्रॉम'मध्ये पहिल्या डोमेनचा पत्ता लिहून पाठवून बघा. सर्व्हरने हे नाकारायला हवं. नाकारत नसेल तर तुमच्या सर्व्हरवर कुणीही कुणाच्याही नावाने पत्र लिहू शकतो, आणि त्यावर सहीसुद्धा कदाचित तुमचा सर्व्हरच करून देईल. पोस्टफिक्समध्ये यासाठी लॉगिन आणि पाठवणारा यांची जोडी तपासणारा तक्ता असतो. पॅकेजने तो भरलाय का, एवढाच प्रश्न.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. दुसऱ्या डोमेनची एमएक्स बाहेरच्या एखाद्या सेवेकडे वळवा, पॅनलमधून ते डोमेन काढून टाका, आणि पहिल्या डोमेनवरून त्याला मेल पाठवा. मेल बाहेर गेला तर पॅकेज ठेवा. जुन्या पेटीत पडला, तर पुसलेलं डोमेन कुठल्या यादीत शिल्लक राहिलं ते आजच शोधा, मशीन रिकामं आहे तोवर.